हुणसूरच्या यादीतला सातवा

गौराबाईच्या तोंडावर खोटं बोलायची टाप म्हैसूरच्या आख्ख्या अग्रहारात कुणाची नव्हती. बेघरांच्या निवाऱ्याच्या समितीनं चौकशीचं काम तिच्या गळ्यात घातलं ते त्यामुळंच. शिक्षण विचारलं असतं तर तिसरीत शाळा सुटलेली, आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटत नव्हतं.

निवाऱ्याला सगळे नाल्कूर म्हणत. नाल्कूर म्हणजे चार ऊर, चार गावं: म्हैसूर, हुणसूर, बन्नूर आणि कोटे. पूर्वी या चार गावांचा मोठा गमतीचा खेळ चालायचा. हुणसूरच्या स्टँडवर कुणी बेघर माणूस आजारी पडला की तिथले लोक त्याच्या हातात चार केळी देऊन त्याला म्हैसूरच्या बसमध्ये बसवायचे. म्हैसूरवाले त्याला बन्नूरच्या बसमध्ये चढवायचे. बन्नूरवाले तरी कुठं मागं राहणार? माणूस मरायचा तो बसमध्येच, आणि मग तो कुठल्या गावचा यावरून पुन्हा भांडण. शेवटी चारही गावांतल्या व्यापाऱ्यांना, देवळांना आणि शाळामास्तरांना थोडी लाज वाटली. त्यांनी वर्गणी एकत्र केली आणि म्हैसुरातल्या एका बंद धर्मशाळेत वीस खाटा टाकल्या.

नियम दोनच. चार गावांत ज्याचं कुणी नाही, त्यालाच खाट. आणि घर असून ज्यांनी माणूस रस्त्यावर सोडला, त्यांचं नाव भर बैठकीत वाचून दाखवायचं. हा दुसरा नियम गौराबाईचा. बन्नूरच्या एका बड्या घरातली म्हातारी ‘कुणी नाही’ म्हणून आत आली होती आणि महिन्यानं तिचा नातू मोटारीतून मिठाई घेऊन भेटायला आला, तेव्हा गौराबाईनं त्या मिठाईचा पुडा त्याच्याच डोक्यात घातला होता. “पेढे कसले वाटतोस रे? आजीला टाकल्याचे?” असं ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी नियम करून घेतला.

गुरुवारी दुपारी विद्याश्री, तिची सून, मोबाईल घेऊन ओसरीवर आली. निवाऱ्याच्या याद्या ठेवायचं काम तिच्याकडं होतं. गौराबाई आणि तिची धाकटी जाऊ सुनंदा अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या.

“आत्याबाई, हुणसूरची यादी आली. सात जण. उद्या सकाळी गाडीनं येतात. खाटाही बरोबर सातच राहिल्यात.”

“आणि पडवीत झोपते ती कोट्याची बाई? पाय सुजलेली?”

“तिला थांबावं लागेल. यावेळची पाळी हुणसूरची.”

“पाळी म्हणे. पाय काय पाळीनं सुजतात काय गं? सरी, असू दे, दाखव.”

विद्याश्री एकेक फोटो पुढं सरकवत वाचत गेली. पहिला आंधळा. दुसरी आणि तिसरी मायलेकी. चौथा, पाचवा, सहावा.

“सातवा. वय साठच्या आसपास. नाव सांगत नाही. स्टँडमागच्या शेडमध्ये झोपतो. कुणी नाही म्हणतो.”

गौराबाईनं फोन हातात घेतला. दाढी छातीपर्यंत आलेली, गालांची हाडं वर आलेली. दाढीखाली कुणीही असू शकतं. पण डावी भुवई मधोमध तुटलेली होती, आणि त्या तुटलेल्या जागेत गौराबाईनं स्वतःच्या हातानं हळद भरली होती. सतरा वर्षांची नवी नवरी होती ती तेव्हा. नऊ वर्षांचा दीर घरातल्या कापड रंगवायच्या कढईच्या काठावर आपटला होता आणि रक्त बघून ‘वैनी, वैनी’ करत तिच्या पदरात शिरला होता.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“अक्का, काय झालं?” सुनंदानं विचारलं.

“काय व्हायचंय? हा फोन मेला किती तापतो. घे गं बाई, धरवत नाही.” तिनं फोन उलटा करून विद्याश्रीच्या हातात दिला. “सातही येऊ देत. उद्या मी बघते एकेकाला.”

सुनंदानं मान खाली घातली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. तिचं कपाळ मोकळं होतं. दोन वर्षं झाली होती त्याला.

फोटोतला माणूस खंडोजीराव. सुनंदाचा नवरा.

चौदा वर्षांपूर्वी तो घरातून गेला. घरचं कापडावरचं छापकाम बंद पडलं त्या वर्षी. गावाला एवढंच माहीत होतं की धंदा बुडाला, माणूस मनाला लावून घेऊन निघून गेला. पोलिसांत दिलं, पेपरात दिलं, धर्मस्थळापर्यंत माणसं पाठवली. काही नाही. सुनंदा रोज संध्याकाळी दिवा लावून दारात उभी राहायची, आणि तिला तसं बघून गौराबाईचं डोकं उठायचं. बारा वर्षं सरली तेव्हा गौराबाईनंच गुरुजींना बोलावलं. बारा वर्षं पत्ता नाही तर माणूस गेला असं धरून क्रिया करतात, ही रीत. पळसाच्या पानांचा माणूस केला, श्रीरंगपट्टणला नदीवर नेला, किरणकुमारनं, गौराबाईच्या मुलानं, काकाला म्हणून अग्नी दिला. सुनंदाच्या हातातल्या बांगड्या गौराबाईनं स्वतः फोडल्या. “एकदा काय ते रडून घे,” ती म्हणाली होती. “हे अर्धवट लटकणं बास.”

हे सगळं खरंच होतं. पण त्याच वर्षी किरणकुमारला माडी बांधायची होती आणि घराच्या कागदांवर काकाची सही कुठून आणायची हा घोर होता, हेही खरं होतं. ते मात्र गौराबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आणखी एक होतं. ते तर तिनं स्वतःच्या नवऱ्याला, गुरुरावांनाही सांगितलं नव्हतं, ते बिचारे तसेच वारले.

संध्याकाळी सुनंदा नेहमीसारखी तिच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसली. गौराबाईनं तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाली, तेल गार आहे. एकदा म्हणाली, हळू. तिसऱ्यांदा म्हणाली, आता दुसरा पाय. उद्या बैठकीत कुणाचं नाव वाचायचं? तेराव्याला जेवून गेलेले दोनशे लोक काय म्हणतील? हे सगळं तिच्या डोक्यात फिरत होतं, पण खरी भीती वेगळीच होती. तो तोंड उघडेल. तो सांगेल, घरातून का गेला ते.

गप्प राहिलं तर? दाढीवाला माणूस, नाव सांगत नाही, कुणी नाही म्हणतो. तिनं ‘चौकशी केली, कुणी सापडलं नाही’ म्हणून सही ठोकली की झालं. दोन गल्ल्या पलीकडं त्याला खाट मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल. आपणच रोज बघू त्याच्याकडं. वाईट काय त्यात?

“अक्का, गुडघा एवढा ताठ का धरलाय?” सुनंदा म्हणाली.

“म्हातारपण. तुलाही येईल, थांब थोडी.”

शुक्रवारी सकाळी आठ वाजताच ती निवाऱ्यात जाऊन बसली. विद्याश्रीला तिनं पुढच्या खोलीत कागद लावायला बसवलं आणि ‘इथनं हलायचं नाही’ असं बजावलं. विद्याश्री लग्न होऊन आली ती खंडोजीराव गेल्यानंतर, पण भिंतीवरचा त्याचा फोटो ती रोज पुसायची. दाढी उतरली की तिलाही कळलं असतं.

नऊला गाडी आली. आधी आंघोळ, मग न्हावी, मग नाश्ता, मग अकराला बैठक, असा क्रम ठरलेला. बाकीचे सहा जण आंघोळीला, न्हाव्याकडं गेले. सातवा मागच्या अंगणात नळाशी पाठमोरा बसून पाय धूत होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. तीस वर्षं लाकडी ठसा उचलून कापडावर मारला की खांदा तसाच होतो. गौराबाईच्या सासऱ्याचाही तसाच होता.

तिनं अंगणाचं दार लोटून घेतलं.

“खंडू.”

पाय धुणारे हात थांबले. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

“वैनी, ओळखू नका,” तो म्हणाला. “पाया पडतो. मला म्हैसूरला नेणार हे कळलं असतं तर मी गाडीत चढलोच नसतो. ते म्हणाले, निवाऱ्यात चला. मला वाटलं, हुणसुरातच कुठंतरी.”

“इतकी वर्षं कुठं होतास?”

“हुणसूरजवळ, तंबाखूच्या भट्टीवर. लाकडं घालायचं काम. चांगलं होतं काम. मग धूर छातीत बसला, मालकानं सांगितलं आता जा.”

“मग घरी यायचं सोडून स्टँडवर काय करत होतास रे मूर्खा?”

आता तो वळला. डोळे तेच होते. “आलो होतो की, वैनी. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या गर्दीत. दार उघडं होतं. आत भिंतीवर माझा फोटो, त्याला चंदनाचा हार. सुनंदा रांगोळी काढत होती, वर बघितलं नाही तिनं. कपाळाला कुंकू नाही. मी पायरीपर्यंत आलेला पाय मागं घेतला. मेलेल्या माणसानं दार वाजवायचं तरी कसं? काय म्हणून हाक मारायची?”

गौराबाईनं हात पुढं करून नळ बंद केला.

“मी कुणाला काही सांगणार नाही,” तो म्हणाला. “तुम्ही मला बोललात ते पण नाही. तुम्ही सही करा. एक खाट पुरे मला. तिला पुन्हा नव्यानं कशाला रडवायचं?”

दारावर थाप पडली. “आत्याबाई!” विद्याश्रीचा आवाज. “मास्तर बोलावतात. कोट्याचे लोक आले.”

बैठक धर्मशाळेच्या मधल्या सोप्यात होती. अध्यक्ष व्यासराज मास्तर, निवृत्त संस्कृत शिक्षक, चष्मा नाकाच्या टोकावर. हुणसूरकडून हरिहर शेट्टी, तंबाखूचा व्यापारी. बाकी चारपाच जण. कोट्याची ती बाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती, सुजलेला पाय समोर पसरून. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. आतलं सगळं तिला ऐकू येत होतं, इतकंच.

“एक?” मास्तरांनी विचारलं.

“कुणी नाही,” गौराबाई म्हणाली.

“दोन आणि तीन?”

“मायलेकी. एकमेकींशिवाय कुणी नाही.”

असं करत सहापर्यंत आले. तिला वाटलं, मास्तरांनी खोकावं, चहा यावा, काहीतरी व्हावं. चहा आला नाही.

“सात?”

गौराबाईनं पेन उचललं. सही तिला चार अक्षरांची येत होती, ती ती मोठ्या डौलात करायची. पेनाचं टोक कागदाला लागलं. पडवीतली बाई आपला पाय दोन्ही हातांनी उचलून दुसरीकडं ठेवत होती.

“सातव्याला खाट नाही,” गौराबाई म्हणाली. “त्याचं घर आहे.”

हरिहर शेट्टी उसळला. “अय्यो, बाई! आम्ही नीट चौकशी केली. दोनदा विचारलं. तो स्वतः म्हणतो कुणी नाही. हुणसूरनं वर्गणी वेळेवर भरली की तुमचं हे असं!”

“तुमची वर्गणी तुमच्या डोक्यावर ठेवा, शेट्टी. घर आहे म्हटलं ना.”

“कुठं आहे?”

“इथं. दोन गल्ल्या सोडून.”

“मग नाव वाचा,” शेट्टी हसून मागं टेकला. “तुमचाच नियम. भर बैठकीत. बन्नूरवाल्यांच्या डोक्यात पेढे घातलेत, आता म्हैसूरवाल्यांचं ऐकू देत आम्हाला.”

“लिही गं, विद्या.” गौराबाईचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “सातवा, खंडोजीराव. घर गुरुरावांचं. गुरुराव नाहीत. घर चालवते गौराबाई.”

विद्याश्रीचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. तिनं मान वर केली. दारात न्हाव्याकडून आलेला तो उभा होता, दाढी उतरलेली, भुवई तुटलेली. रोज पुसायच्या काचेतला माणूस दारात उभा राहिल्यासारखं तिनं बघितलं, आणि तिच्या तोंडून “काका” एवढंच आलं.

मागं टेकलेला शेट्टी सरळ बसला. मास्तर खाकरले.

“गौराबाई, यांची तर क्रिया झालीय ना? मी होतो तेराव्याला.”

“दोन वाट्या पायस खाल्लात तुम्ही. आठवतंय मला.”

“तसं नव्हे. याला शास्त्रात वाट आहे. जिवंतपणी क्रिया झालेला माणूस परत आला तर तुपानं भरलेल्या भांड्यात बसवून त्याला पुन्हा जन्म द्यायचा. मग बारशापासून सगळं. आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न.”

“एवढा माणूस बसेल असं भांडं आणायचं कुठनं, मास्तर? बसला असता आमच्या त्या रंगाच्या तांब्याच्या कढईत. ती मी विकली. त्यावरूनच तर घरात महाभारत झालं.” ती बोलून गेली आणि थांबली. खंडोजीराव जमिनीकडं बघत होता. “शेट्टी, तुमची खाट फुकट जात नाही. त्या कोट्याच्या बाईला आत घ्या. आणि तिचा पाय आज डॉक्टरला दाखवा, तुमच्या मोटारीतनं.”

मग ती खंडोजीरावाकडं वळली. “तू इथंच बस. आधी मला घरी जाऊ दे.”

दोन गल्ल्या चालायला तिला अर्धा तास लागल्यासारखं वाटलं. विद्याश्री शेजारून चालत होती.

सुनंदा स्वयंपाकघरात अवरेचे भिजलेले दाणे चिमटीत धरून सालातून बाहेर काढत होती. गौराबाई उंबऱ्यावरच बसली. सांगायला सुरुवात कुठून करायची हे तिला कळेना, म्हणून तिनं सरळ सांगितलं.

“सुनंदा, खंडू जिवंत आहे. निवाऱ्यात बसलाय.”

दाणा सालातून बाहेर आला आणि परातीत पडला. सुनंदा म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं?”

“काल. फोटोत.”

“काल दुपारी?”

“होय.”

“आणि संध्याकाळी मी तुमचे गुडघे चोळत होते.”

गौराबाईनं पदर तोंडाशी धरला, पुन्हा सोडला. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. “अजून ऐक. तू माहेरी गेली होतीस त्या दिवशी, मी कढई विकायला काढली. तो आडवा आला. म्हणाला, बापाची आहे. मी म्हटलं, या घरात तुझं काय आहे रे? तुझ्या बायकोच्या गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा माझ्या नवऱ्याच्या पैशाचं आहे. त्यानं उलट उत्तर दिलं नाही. चपला घातल्या आणि गेला. धंद्यामुळं नाही गेला तो. माझ्यामुळं गेला.”

विद्याश्री भिंतीला टेकली. सुनंदानं हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले.

“घरी आणू त्याला,” गौराबाई घाईनं म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी एकदा दारापर्यंत आला होता, फोटोला हार बघून परत गेला. मास्तर म्हणतात, विधी आहे. पुन्हा जन्म, पुन्हा बारसं. तुमचं पुन्हा लग्न लावायचं. गुरुजींना मी आजच सांगते, येत्या पंधरवड्यात मुहूर्त बघून...”

“लग्न लावायचं तर नवरीला विचारतात ना, अक्का?”

सुनंदाचा आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढत नसे, आणि त्याचाच गौराबाईला नेहमी राग यायचा. आज भीती वाटली.

“पहिल्यांदा कुणी विचारलं नाही. मी पंधरा वर्षांची होते. कुंकू पुसताना कुणी विचारलं नाही. मी सांगितलं होतं, मला थांबायचंय. तुम्ही म्हणालात, बास. बांगड्या फोडताना माझा हात कापला होता, तेही तुम्ही बघितलं नाहीत. आता तिसऱ्यांदा तरी मला विचारा.”

“विचारते की. सांग, काय करायचं?”

“माहीत नाही.” सुनंदा उठली. “तो मला टाकून गेला, अक्का. तुम्ही काय बोलला असाल ते असाल. हुणसुरातनं म्हैसूरला यायला बसभाडं तेवढं लागतं. चौदा वर्षांत एकदा आला म्हणता, आणि दारातनं परत गेला. मला त्याचं तोंड बघायचंय. मग बघते.”

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं जुनी पिवळी साडी नेसली होती, गेल्या दोन वर्षांत ट्रंकेतून न काढलेली. कपाळ तसंच मोकळं होतं.

“मी येते बरोबर,” गौराबाई उठायला लागली.

“नको. तुम्ही बसा. विद्या, तू पण नको.”

चपला घालून ती गल्लीत उतरली. चाल सावकाश होती, मागं वळून बघणं नाही. कोपऱ्यावरच्या फुलवाल्यानं तिला काहीतरी विचारलं, ती थांबली, बोलली, पुढं गेली.

गौराबाई ओसरीवर बसून राहिली. एक वाजला. दोन वाजले. मोबाईल वाजला की ती दचकायची. कधी तिला वाटायचं, ती त्याला घेऊन येईल. कधी वाटायचं, एकटी येईल. कधी वाटायचं, ती आता येणारच नाही, तिथनंच कुठलीतरी बस पकडून दोघं जातील, आणि मग आपलं काय? विद्याश्री दोनदा डोकावून गेली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. “आत्याबाई, चार वाजायला आले. संध्याकाळला किती जणांचं लावू?”

या घरात हे गौराबाईच सांगायची. एकावन्न वर्षं.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. नजर गल्लीच्या तोंडावरच होती. “सुनंदा येऊ दे. ती सांगेल तसं लाव.”